चालदाता

"तिचे पाय चालू लागतील, असं मला वाटतं. पण ती चाल कुणाची असेल, ते तुम्हाला आज ठरवावं लागेल," डॉ. नूतन हजारे म्हणाल्या.

तुषारला नीट ऐकूही येत नव्हतं. त्याचं सगळं लक्ष संशोधनशाळेच्या मधोमध असलेल्या गोल खोलीकडे होतं. तिथे त्याची मुलगी शर्वरी पट्ट्यांच्या आधाराने, औषधाच्या झोपेत, उभी टांगलेली होती. पठारावरच्या पवनचक्कीची दुरुस्ती करायला चढताना ती शिडीवरून पडली आणि तिच्या पाठीचा कणा कमरेपाशी चेचला गेला. खुद्द तुषार घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढला, तरी त्याच्या बायकोला, मेघनाला, स्टूल धरून उभं राहावं लागे. असल्या माणसाची पोर आभाळाला शिडी लावायची! या पोरीने आपला जीव टांगणीला लावलाय, असं तो कित्येक वर्षं म्हणत आला होता.

"चाल कुणाची म्हणजे?" मेघनाने विचारलं.

"चालायचं की नाही, हे मेंदू ठरवतो. पण कसं चालायचं, याचा नमुना कण्याच्या खालच्या भागात, मज्जारज्जूत असतो. शर्वरीचा नेमका तोच भाग गेला. तिच्याच त्वचेपासून आम्ही मूलपेशी तयार केल्या आणि तिथे रुजवल्या. रुजल्या छान. फक्त त्या कोऱ्या आहेत, तान्ह्या बाळासारख्या."

"बाळ शिकतं की हळूहळू."

"बाळाला वर्षभर वेळ असतो. या पेशी काही आठवड्यांत पिकतात. तोवर जे शिकतील ते कायमचं. भाजलेलं मडकं पुन्हा चाकावर घालता येत नाही."

संकेत-अभियंता इम्रान तांबोळीने एक जाडसर पट्टा टेबलावर ठेवला. "हा गतिलेखक. हा बांधून एकाने रोज चालायचं. त्याच्या स्नायूंची हालचाल आम्ही रात्री झोपलेल्या शर्वरीच्या पायांना देणार. पाय हलले की खालून पेशींना धडा मिळतो."

"मग यंत्राचीच चाल द्या ना," तुषार म्हणाला. "चूक तरी व्हायची नाही."

"देऊन पाहिली. इतकी एकसारखी असते, की पेशी ती धरतच नाहीत. कंटाळतात म्हणा हवं तर. जिवंत माणूसच लागतो, साधारण तेवढ्याच उंचीचा. चालदाता."

मेघनाची टाच दुखायची, ती एक पाय ओढत चालायची. उरला तुषार. मेघनाने त्याच्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "पोरगी जन्मभर बदकासारखी चालणार तर!"

"चालली तरी पुरे," तुषार म्हणाला आणि त्याने टेबलावरचा पट्टा उचलला.

दुसऱ्या दिवसापासून गोल खोलीभोवतीच्या गोल बोळात त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. फेंगडी पावलं सरळ टाकायचा तो मनापासून प्रयत्न करी. कसली भीती वाटायची त्याला? सगळ्याचीच. पाऊल वाकडं पडलं तर? खोकला आला तर? आपल्या एका ठेचेने पोरीचं आयुष्य ठेचकाळेल, या धास्तीने, ठसका नको म्हणून, तो तोंडात खडीसाखरही घेत नसे.

"मध्ये थांबलो तर चालेल का हो?" त्याने इम्रानला विचारलं.

"खुशाल थांबा, काका. पट्टा फक्त हालचाल टिपतो. थांबलात, की ती कोरी जागा आम्ही गाळून टाकतो."

मग तुषारला जरा धीर आला. बोळात खोलीची एकच खिडकी होती, तीही उंचावर. प्रत्येक फेरीला तो तिच्यापाशी थांबे, टाचा उंचावून आत डोकावे, शर्वरीची छाती वरखाली होते आहे ना ते पाही आणि पुढे निघे. एकही फेरी त्याने चुकवली नाही.

पेशी पिकल्या. शर्वरीला त्याच गोल बोळात आणलं. मेघनाने तुषारचा हात इतका घट्ट धरला होता, की त्याची बोटं बधिर झाली.

शर्वरीने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. पावलं बाहेर फाकलेली होती. "आई, मी बाबासारखी चालतेय!" ती ओरडली आणि रडत रडत हसू लागली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

थोडी पुढे जाऊन ती थांबली. तिच्या टाचा वर उचलल्या गेल्या, क्षणभर तशाच राहिल्या आणि खाली टेकल्या. ती पुन्हा चालू लागली. थोड्या अंतरावर पुन्हा तेच.

"मी नाही करत हे," ती घाबरून म्हणाली. "पाय आपोआप थांबतात."

इम्रानने पडद्यावर नोंदी पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला. "थांबणं आम्ही गाळलं. पण टाचा उचलणं ही हालचाल आहे. ती प्रत्येक फेरीत आहे. पेशींनी ती चालीचाच भाग धरली."

"पुसता येईल?" तुषारने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"बाबा, काय बघत होतास रे टाचा उचलून?" शर्वरीने विचारलं.

"तुला," तो कसाबसा म्हणाला. "श्वास चालू आहे ना, ते. चुकलं ग माझं. माझी काळजी तुझ्या पायांत शिरली."

भिंतीला धरून शर्वरीने आणखी एक फेरी मारली. पाय थांबले, टाचा उचलल्या, टेकल्या. या खेपेला ती घाबरली नाही. उलट, बेरीज जुळवत असावी तशी तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"शिडी चढताना थोड्या थोड्या पायऱ्यांनी थांबायचं आणि कमरेच्या दोरीचा आकडा वरच्या कडीत अडकवायचा, असा आमच्या कामात नियम आहे," ती म्हणाली. "मी कधी थांबायचेच नाही. घाई. त्या दिवशीही आकडा लावला नव्हता."

"म्हणजे?" मेघनाने विचारलं.

"म्हणजे आता थांबावंच लागेल, आई. पायच थांबवतील." ती तुषारकडे बघून लहानपणीसारखी खोडकर हसली. "डॉक्टर, मी कामावर कधी जाऊ शकेन?"

नकळत तुषारच्या टाचा उचलल्या गेल्या.