गोळ्यांच्या पुडीवरचा चंद्र

प्रिंटरपाशी दोघांचे हात एकाच कागदावर पडले.

"हे तुमचं?" पुष्करनं विचारलं. कागदावर औषधाच्या पुड्या काढल्या होत्या. सकाळच्या गोळ्यांवर सूर्य, रात्रीच्या गोळ्यांवर चंद्र.

"नाही... म्हणजे, हौ. पण फेकायचंय ते!" केतकीनं कागद ओढला. त्यानं सोडला नाही.

हैदराबादच्या हिमायतनगरमधली त्यांची कंपनी वयस्कर माणसांना घरपोच औषधं पाठवायची. बऱ्याच जणांना वाचता येत नसे, गोळ्यांची अदलाबदल होई. केतकीला उपाय सुचला होता. पण गेल्या वर्षी तिची एक कल्पना फसली, तेव्हा कंपनीचे प्रमुख हर्षवर्धन सर तिला सगळ्यांसमोर नको नको ते बोलले होते. त्यानंतर काचीगुड्याची ही बडबडी मुलगी मीटिंगमध्ये नुसती मान हलवायची.

पुष्कर नुकताच पुण्याहून आलेला. "दहाच घरांत करून पाहू," तो म्हणाला.

"आणि फसलं तर?"

"तर तुमच्या नावाखाली माझंही नाव असेल... एवढी जागा द्याल ना?"

केतकीनं नजर वळवली, पण कान लाल झालेच.

सरांनी कुरकुरत परवानगी दिली. पाचव्या दिवशी केतकीनं त्या दहा घरांपैकी विद्यानगरच्या निर्मलाबाईंना फोन केला.

"चंद्राची पुडी ना? सोमवारी घेतली की! चंद्र म्हणजे सोमवारच ना, बाळा?"

केतकीनं यादी पाहिली. रक्तदाबाची गोळी, तीही रोजची! स्कूटरवर बसताना तिच्या हेल्मेटचा पट्टा पुष्करनंच लावला. दोघं निर्मलाबाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांचा दाब थोडा वाढला होता, पण डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, "कल्पना कुणाची होती?"

पुष्कर उठू लागला. केतकीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा बसला.

"माझी," ती उभी राहिली. "चंद्र चुकला, सर. तिथं झोपलेला माणूस हवा. आणि फोन पहिल्याच दिवशी करायला हवा होता."

"फोनचं काम माझ्याकडे होतं, ते माझ्याकडून राहिलं," पुष्कर म्हणाला.

"गेल्या वेळी मी तुझं पुढचं ऐकूनच घेतलं नाही," सर म्हणाले. "नवी चित्रं आधी डॉक्टरांना दाखव. मग आणखी दहा घरं."

बाहेर येताच केतकी जिन्यातच बसली. पुष्कर एक पायरी खाली टेकला.

"एक सांगू? हेही फसू शकतं..."

"सांगा."

"मला तुम्ही आवडता."

ती खाली बघत म्हणाली, "मला तर तुम्ही परसोंपासून..."

त्याचा चेहरा उतरला. "फक्त परवापासून?"

"पुणेवाले ना तुम्ही!" ती खुदकन हसली. "आमच्या हैदराबादेत परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस. अगदी तुम्ही पहिल्यांदा ऑफिसात आलात, तोसुद्धा..."

पुष्कर हळूच एक पायरी वर सरकला आणि तिच्या शेजारी बसला.