फाटकावरचा कॅमेरा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही पदरचा नाही.

मी शाळा-दुकानांत कॅमेरे बसवायचो. हे घडलं एका हायस्कूलच्या ऑफिसात. रविवारी. लख्ख उजेडात.

त्या शाळेत सोळा कॅमेऱ्यांचं काम मला मिळालं, तेव्हा मुलांचा विरोध पेटला होता. नववी-दहावीची मुलं दोन दिवस मैदानातच बसून होती. पुढे होती दहावीतली एक मुलगी. सगळे तिला 'वकीलबाई' म्हणायचे.

मी शिडीवर चढलो, तर खालून म्हणाली, "काका, तुमच्या मुलीच्या डोक्यावर लावाल का असा?"

"अगं, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे हे."

"सुरक्षा की पहारा?"

मी हसण्यावारी नेलं.

आठवड्याने तिने वर्गातल्या कॅमेऱ्यावर कागद चिकटवला. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यात ती सापडली. मुख्याध्यापकांनी तिला भरल्या शाळेतून दप्तरासकट बाहेर काढलं. घरी फोन नाही, सोबत कोणी नाही.

पालक आल्याशिवाय मूल सोडायचं नाही, हा नियम त्यांच्याच सहीचा.

कोपऱ्यावर ट्रकने तिला उडवलं. जागीच गेली.

संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. "फाटकावरचा कॅमेरा आज बंद होता. हो ना?"

तो चालू होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आमच्या संस्थेच्या अजून चार शाळा आहेत, म्हटलं."

मी गेलो आणि त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसलं.

तिचे वडील शिंपी. ते विचारायला आले, तेव्हा मी जमिनीकडे बघत म्हणालो, "बिघाड होता."

तीन आठवड्यांनी शाळेतून तक्रार आली. फाटकाचा कॅमेरा रोज अकरा-चाळीसला अडकतो. तिला बाहेर काढलं, तीच वेळ.

रविवारी गेलो. शाळा रिकामी. शिपाई किल्ली देऊन चहाला गेला. मी पडद्यासमोर बसलो.

अकरा-चाळीस झाले.

पडद्यावर फाटकाची कडी... आपोआप सरकली.

मी खिडकीतून पाहिलं. फाटक बंद. कुलूप जागच्या जागी.

पडद्यावर मात्र ते सताड उघडं.

मग आवाज आला... मुलीचा.

"शिपाईकाका, बाबांना एक फोन करू द्या ना..."

त्या कॅमेऱ्याला माइकच नाही.

मी रेकॉर्डरची वायर उपटली. पडदा काळा झाला.

आवाज थांबला नाही.

तसाच पळालो, थेट शिंप्याच्या दुकानात. ते शिलाई करत होते.

"कॅमेरा चालू होता," मी म्हणालो. "मीच पुसलं."

मशीनवरचा पाय थांबला. त्यांनी शांतपणे आपला फोन माझ्यापुढे धरला.

"ठाऊक आहे. रोज येतं मला ते रेकॉर्डिंग. तुमच्याच नंबरवरून."

मी कधीच काही पाठवलं नव्हतं...

आम्ही दोघं पोलिसांत गेलो. मी जबाब दिला. साहेबांनी फोन हातात घेतला. आम्हा दोघांना ती स्पष्ट दिसत होती. दप्तर छातीशी धरलेली.

साहेब म्हणाले, "नुसतं रिकामं फाटक आहे हो."

मुख्याध्यापक म्हणाले, "बिचाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय." वर शाळेत तिची शोकसभा घेतली. भाषण केलं, डोळे पुसले. त्याचं रेकॉर्डिंग मात्र अगदी व्यवस्थित जपून ठेवलंय.

मी तो धंदा सोडला. तो नंबरही बंद केला. तरी त्याच नंबरवरून त्यांना रोज फाईल जाते. मग ते मला नव्या नंबरवर फोन करतात. त्यांना दुसरं आहे कोण?

आजही केला.

"आज ती बाहेर गेलीच नाही हो. फाटकापाशी उभी आहे. वर बघतेय."

"काही म्हणतेय?"



"तुम्हालाच विचारतेय... 'काका, पुसायच्या आधी बघितलंत ना?'"

मी फोन ठेवला.

बघितलं होतं. पूर्ण. वीस मिनिटं ती फाटकाला धरून रडत होती.

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं...