कपाळावरचा हात

त्या सकाळीही बाबांनी नेहमीचंच विचारलं, "मी मागे उभा राहू?" आणि तिनेही नेहमीचंच उत्तर दिलं, "नको हो बाबा, तुम्ही चहा घ्या निवांत."

दोघंही डोळ्यांचे डॉक्टर. हात थरथरू लागल्यावर बाबांनी शस्त्रक्रिया सोडली होती. पण रुग्ण अवघड असला की टेबलाशी उभं राहून त्याच्या कपाळावर हात ठेवायचे. तिला ते परीक्षकासारखं वाटे, म्हणून अलीकडे ती नको म्हणे. त्या दुपारी ते खुर्चीतच झोपले, ते उठलेच नाहीत.

महिनाभराने एक आजी आल्या. एक डोळा लहानपणीच गेलेला, उरलेल्यात पिकलेला मोतीबिंदू. भिंगाला धरून ठेवणारे तंतू निम्म्याहून अधिक तुटलेले. नजर जरा हलली की भिंग थरथरायचं. ते आत निसटलं, तर आजींच्या नशिबी अंधार.

"आजी, आता बोलायचं नाही हं."

"मी कुठे बोलतेय, जीभ बोलतेय."

सिस्टर हसली. हिरव्या कापडाखाली आजी गप्प झाल्या.

तिने उपकरणाचं टोक लावताच भिंग एका बाजूला कललं. आधी आधार द्यायचा, मग हात लावायचा, हे बाबांचंच शिकवणं. पण आधाराचं बारीक कडं भिंगाच्या पिशवीत सरकवायचं कसं? भिंगाची थरथर थांबेचना.

"आता बरं वाटलं," आजी कापडाखालून म्हणाल्या. "हात उबदार आहे."

सिस्टर चार पावलं लांब होती, ट्रॉलीपाशी. शस्त्रक्रिया करताना तिचे स्वतःचे दोन्ही हात आजींच्या डोळ्यावर गुंतलेले.

"कुणाचा हात, आजी?"

"हा काय, कपाळावरचा. थरथरतोय मात्र बिचारा."

तिने सूक्ष्मदर्शकात पाहिलं.

भिंग थांबलं होतं.

कडं अलगद बसलं. मोतीबिंदू निघाला, नवं भिंग मधोमध स्थिरावलं. कितीतरी दिवसांनी तिने छाती भरून श्वास घेतला.

दुसऱ्या सकाळी तिने पट्टी काढली. आजींनी डोळा मिचकावला, तिच्याकडे नीट बघितलं.

"चष्मा वाकडा आहे गं तुझा."

दोघी हसल्या. मग आजींची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली.

"त्यांना बसायला सांग की. कालपासून उभेच आहेत."

मागे नुसती भिंत आणि टेबलावर स्टीलचा ट्रे, एवढंच असल्याचं तिला ठाऊक होतं. त्यातले चिमटे बारीक किणकिणत होते, थरथरत्या हातात धरल्यासारखे.

तिने वळून पाहिलं नाही.

"राहा ना उभे, बाबा," ती म्हणाली.