रोह्यातलं अर्धं गाणं

वृंदा टिपणीस यांच्याकडे येणारी माणसं बहुधा स्थळाच्या चौकशीसाठी येतात. मुलगा कंपनीत खरंच कायम आहे का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, असले प्रश्न. पेणमध्ये खासगी गुप्तहेराला याहून मोठं काम मिळत नाही आणि वृंदाबाईंची त्याबद्दल तक्रारही नव्हती. म्हणूनच त्या सकाळी एक तरुण मुलगी दारात उभी राहिली, तेव्हा त्यांचे दीर गोपाळराव हळूच म्हणाले, "वहिनी, स्थळ."

"स्थळ नाही, भावजी. रडून आलीय ती. स्थळवाले आधी चौकशी करतात, रडतात नंतर."

गोपाळराव स्वतःला वहिनींचे मदतनीस म्हणवतात. स्कूटर चालवणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही दोन्ही कामं ते मनापासून करतात.

मुलीचं नाव किमया पाटील. धरमतरच्या खाडीकाठी तिचं घर. पाण्याचा पेला तसाच हातात धरून ती म्हणाली, "माझ्या आजीचा आवाज चोरीला गेलाय."

तिची आजी बायजाबाई ही धवलारीण. आगरी लग्नात मांडवात बसून धवले आणि हळदीची गाणी गाणारी बाई. आसपासच्या गावांत तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. आता तिच्या घशात गाठ झाली होती. पुढच्या आठवड्यात मुंबईला ऑपरेशन होतं. जीवाला धोका नाही, पण आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"वैशाखात माझं लग्न आहे," किमया म्हणाली. "माझ्याच हळदीला आजी गाणार नाय. म्हणून तिची गाणी रेकॉर्ड करत होते. सगळी एकाच कार्डावर."

"आणि ते कार्ड गेलं. कुठून?"

जोह्याला अमोल म्हात्रेचा गणपतीचा कारखाना आहे. त्याच्या माळ्यावर दर महिन्याला गाणीवेडी मंडळी जमत. जुनी गाणी ऐकायची, त्यातल्या शब्दांवर भांडायचं, गाण्यामागची गोष्ट शोधायची. गेल्या रविवारी बायजाबाईंनी या मंडळींसमोर सगुणेचं गाणं पहिल्यांदाच पूर्ण गायलं. मग चर्चा रंगली, मग चहा झाला.

"आम्ही सगळे चहाला खाली गेलो. वर येऊन बघते तर रेकॉर्डर जागेवर, आतलं कार्ड नाय."

"रेकॉर्डर महागाचा असेल."

"कार्डापेक्षा किती तरी."

"मग चोराला वस्तू नको होती. गाणं हवं होतं, नाहीतर ते कुणाला मिळायला नको होतं." वृंदाबाईंनी तिच्या हातातला पेला काढून खाली ठेवला. "सगुणा कोण?"

"आजीची मैत्रीण. दोघी मिठागरात कामाला जायच्या, दोघी मिळून गाणी रचायच्या. सगुणाचं लग्न झालं, नवरा मारायचा. एका पहाटे ती खाडीत गेली. आजीनंच बघितलं. ओहोटी लागली व्हती, पाण्यानं ओढून नेली, असं तिनं गावाला सांगितलं. लोक समुद्राकडं पार रेवसपर्यंत शोधत गेले. सापडली नाय. मग आजीनं तिच्यावर गाणं केलं."

"आजी काय म्हणतात या चोरीबद्दल?"

"नको गो शोधू, गेलं ते गेलं, एवढंच. जेवत पण नाय. डॉक्टरांनी गरम काही द्यायचं नाय सांगितलंय, म्हणून पेज थंड करून देते. ती पण तशीच राहते."

*

जोह्याच्या कारखान्यात अमोल म्हात्रे एका मोठ्या मूर्तीच्या सोंडेवरून ओला हात फिरवत होता. कोपरापर्यंत पांढरा. वृंदाबाईंनी किमयाचा रेकॉर्डर सोबत आणला होता. काळा, गुळगुळीत, कुठे पांढरं बोट उमटलेलं नाही.

"माझ्यावर संशय घ्या ना, बिनधास्त," अमोल हसून म्हणाला. "पन ते गाणं माझ्या आयच्या हळदीला पन गायलं व्हतं बायजाआजीनं. मी कशाला चोरू?"

"वाद कशावरून झाला?"

"सगुणा कशी गेली यावरून. मी बोललो, खाडीचा खारबांध फुटला असंल, त्यात गेली. कॉलेजातल्या अनन्या मॅडम बोलल्या, तिनं जीव दिला. रोह्याचे सुशीलसाहेब बोलले, सासरच्यांनीच ढकलली. गाण्यात तर एवढंच हाय," आणि अमोलने खालच्या आवाजात चाल धरली,

*भरतीच्या पान्यावं गेली गो सगुना,*
*बांधावं एकली राह्यली साळुंकी.*

वृंदाबाईंनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "चहाचा विषय कुणी काढला?"

"आजीनंच. बोलली, घसा शेकू दे, टाक चहा. मी खाली आलो, मागनं सगळे आले. सुशीलसाहेब अर्धा कप पिऊन गाडी पकडायला पळाले."

"जिना उभा आहे हो तुमचा."

"व्हय. आजीला दोघांनी धरून चढवावं लागतं. उतरवताना तर मला घामच फुटतो."

बाहेर आल्यावर गोपाळराव म्हणाले, "वहिनी, सुशील. अर्धा कप टाकून कोण पळतं?"

"ज्याची गाडी सुटत असते तो."

*

अनन्या गुप्ते पेणच्याच एका कॉलेजात शिकवत होती आणि लोकगीतांवर लेख लिहीत होती. संशयितांच्या यादीत आपण आहोत हे तिला मुळीच आवडलं नाही.

"माझं तर नुकसान झालंय. किमया मला त्याच संध्याकाळी प्रत देणार होती. मी ते गाणं गोष्टीसकट इंटरनेटवर टाकणार होते. शिवाय सुशीलने जे सांगितलं, ते तर फारच मोलाचं होतं."

"काय सांगितलं त्यांनी?"

"हेच गाणं त्याने लहानपणी रोह्याला ऐकलंय. तिथल्या अष्टमी गावात त्यांच्या शेजारी एक बाई गायची, पण फक्त सुरुवात. दोन साळुंक्यांचं कडवं. सगुणेचा भाग नाहीच." अनन्या आता राग पार विसरली होती. "गाणी गावोगाव फिरली की अशी झिजतात. मी तिथेच जाहीर केलं, पुढच्या आठवड्यात अष्टमीला जाते, त्या बाईला रेकॉर्ड करते आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघते."

"हे ऐकून कोण काय म्हणालं?"

"काही नाही. आजींना जोरात खोकला आला, मग चहाचं निघालं."

"गाण्यात भरती आहे, आणि आजींनी गावाला ओहोटी सांगितली होती. हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"गाण्यात हो, भरती काय, ओहोटी काय. सूर जिथे बसेल तो शब्द."

वृंदाबाई मान डोलावून उठल्या. त्या मान डोलावतात तेव्हा त्यांना पटलेलं नसतं, हे गोपाळरावांना एवढ्या वर्षांत कळलेलं आहे.

*

रोह्याच्या गाडीत गोपाळरावांनी सुशीलला कसं बोलतं करायचं याचा बेत आखला. नागोठणे आलं, गेलं. वृंदाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"भावजी, पूर्वी धरमतरहून नागोठण्याला मचवे यायचे ना?"

"यायचे की. आमचे आजोबा सांगायचे. भरती लागली की शीड सोडायचं, पाणीच वर आणून सोडायचं. तुम्हाला मचव्यांचं काय एकदम?"

"काही नाही. छान सांगता तुम्ही."

गोपाळराव खूश झाले आणि सुशीलचा बेत विसरले.

सुशीलला बोलतं करावं लागलंच नाही. बँकेत काम करणारा साधा गृहस्थ. कार्ड गेल्याचं ऐकून तो खरोखर हळहळला.

"सीताबाई नाव त्यांचं. आम्हा पोरांना निजवताना गायच्या,

*मिठाच्या बांधावं साळुंक्या दोन गो,*
*एकीला पुसं दुसरी, तुझं माझं कोन गो.*

एकदा मी विचारलं, मावशी, पुढे काय झालं त्या साळुंक्यांचं? तर म्हणाल्या, पुढचं मला ठावं नाय रे, मी एवढंच आणलं."

"आणलं, असं म्हणाल्या?"

"हो. कुठून ते नाही सांगितलं. मालक त्यांचे मचव्यावर होते. नागोठण्याला माल उतरवायचे. वारले त्याला बरीच वर्षं झाली."

अष्टमीतल्या त्या घरात वृंदाबाई एकट्याच गेल्या. गोपाळराव बाहेर पारावर सुशीलच्या शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने वहिनी आल्या त्या पदराने डोळे पुसतच.

"चोर सापडला?"

"चोर कालच सापडला होता. आज मी परवानगी मागायला आले होते."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बायजाबाईंच्या ओट्यावर चौघंच होती. बायजाबाई, किमया, वृंदाबाई आणि गोपाळराव. अमोल आणि अनन्याला बोलावू का, असं किमयाने विचारलं होतं, तेव्हा वृंदाबाई नाही म्हणाल्या होत्या. समोर खाडी भरत होती. बायजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, बारीक, काळ्यासावळ्या, नजर पाण्यावर.

"किमया, तू म्हणालीस, आम्ही सगळे खाली होतो," वृंदाबाईंनी सुरुवात केली. "पण तुमच्यातल्या एका माणसाला तो जिना दोघांच्या आधाराशिवाय उतरता येत नाही. अमोल खाली चहा करत होता, तू खाली होतीस. मग आजींना कोणी उतरवलं?"

किमयाने आजीकडे पाहिलं.

"कुणीच नाही. त्या वरच होत्या, रेकॉर्डरशेजारी. त्यांना गरम चालत नाही, तरी चहा त्यांनीच मागितला. स्वतःला प्यायला नाही. माळा रिकामा व्हावा म्हणून."

"आजी? आजी कशाला स्वतःचं..."

"तेच मलाही कळेना. म्हणून मी गाण्याकडे वळले. तुमची मंडळी भांडत होती, सगुणा बुडाली कशी. ती बुडाली का, हे कुणी विचारलंच नाही. आजींनी गावाला सांगितलं ओहोटी. ओहोटी समुद्राकडे ओढते, म्हणून लोक रेवसकडे धावले. गाण्यात मात्र भरती आहे. एकच बाई, डोळ्यांनी बघितलेली एकच गोष्ट, आणि दोन उलट्या दिशा. भरती कुठे नेते ते काल भावजींनी सांगितलं."

गोपाळरावांनी आपण काय सांगितलं ते आठवायचा प्रयत्न केला.

"नागोठण्याला. मचव्यातून. आणि तिथून रोहा कितीसं लांब? त्या रोह्यात एका बाईला या गाण्याचा पहिला भाग येतो आणि दुसरा अजिबात येत नाही. अनन्या म्हणाली, गाणं झिजलं. मला तसं वाटेना. दोन साळुंक्यांचं कडवं मिठागरात दोघींनी मिळून केलं. सगुणेचं कडवं सगुणा गेल्यावर झालं. मग पहिलं येतं आणि दुसरं येत नाही, अशी बाई जगात एकच असू शकते. जी मधेच निघून गेली ती."

खाडीवरून वारा आला.

"अनन्या त्या बाईला शोधून दोन्ही गाणी ताडणार होती. ऑपरेशननंतर आजी ते पुन्हा गातील याची खात्री नव्हती, आणि रेकॉर्डिंगही नसलं तर ताडायचं काय? म्हणून कार्ड गेलं. आजी, चुकतंय का माझं काही?"

बायजाबाईंचा आवाज आता खरखरीत झाला होता. "नाय चुकत. रात सरता सरता मीच तिला मचव्यात बसवली. बोलली, बायजे, मी जिती हाय असं कुनाला सांगू नको, तो मारून टाकील मला. मी शपथ घेतली. गावाला खोटं बोलले. पन धवलारीन मी, मांडवात देवासमोर खोटं कसं गाऊ? तोंडाला भरतीच आली."

"कार्ड कुठाय, आजी?" किमयाने विचारलं.

"येताना धरमतरच्या पुलावनं टाकलं."

किमया उठली आणि ओट्याच्या टोकाला जाऊन पाठमोरी उभी राहिली. बायजाबाई तिच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "तुला माझा आवाज पायजे व्हता, तिची अब्रू माझ्या हातात व्हती. तिचा संसार असंल, नातवंडं असतील. मी काय करू गो? मला तर रविवारपातूर ठावं पन नव्हतं, ती हाय का गेली. सुशील बोलला आन् मला हसू का रडू झालं. दोन्ही करता येईना, म्हनून खोकले."

किमया परत आली. आजीच्या शेजारी बसली आणि तिचा हात तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला. रडत होती, पण हात सोडला नाही.

"आजी," वृंदाबाई हळू म्हणाल्या, "तुमची सगुणा आता सीताबाई आहे. त्यांनी मुलांना सगळं कधीच सांगितलंय. दुसरा नवरा, मचव्यावरचा, वारला त्याच वर्षी. पहिला नवरा त्याच्याही आधी गेला, हे त्यांना बाजारात कळलं होतं. गावात तोंड कसं दाखवायचं म्हणून त्या आल्या नाहीत. आणि त्यांना वाटत होतं, बायजा आपल्याला विसरली असेल. पुढचं कडवं त्यांना ठाऊकच नव्हतं ना."

रस्त्यावर रिक्षा थांबली. आधी सुशील उतरला, मग त्याच्या खांद्याला धरून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई. ओट्यापर्यंत यायला तिला वेळ लागला. बायजाबाईंनी सरकून शेजारी जागा केली.

"जाडी झालीस गो," बायजाबाई म्हणाल्या.

"आन् तू नुसती बारकी कुठं, हाडंच उरलीत," सीताबाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. गोपाळराव चष्मा पुसायला अंगणात गेले.

"माझ्यावं गाणं केलंस म्हनं," सीताबाई शेवटी म्हणाल्या. "म्हन की."

"आजी, डॉक्टर..." किमया म्हणाली आणि थांबली. तिने फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दोघींच्या मधे ठेवला.

बायजाबाईंनी साळुंक्यांपासून धरलं. सीताबाई पहिल्या ओळीलाच सामील झाल्या, आणि किमयाला पहिल्यांदाच कळलं की हे गाणं मुळात दोन गळ्यांचं आहे. आजीचा आवाज जिथे फाटत होता तिथे दुसरा येऊन तो सांभाळत होता. मग ते कडवं संपलं. सीताबाई गप्प झाल्या. पुढचं त्यांना येत नव्हतं. बायजाबाई एकट्याच, उरलासुरला आवाज गोळा करून, एकीसाठीच गायल्या.

*वळून वळून रडली गो सगुना,*
*खाडीचं गोडं पानी खारं झालं.*

गाणं संपलं तेव्हा सीताबाईंच्या डोळ्यांतून धार लागली होती. नाक पुसत त्या म्हणाल्या, "पन बायजे, मी कुठं रडले? मला तर मचवा लागला व्हता. नागोठन्यापातूर नुसती ओकत व्हते."

"मग गाण्यात ओकारी घालू?"

"खोटं नाय गात बोललीस ना?"

"गप बस. इतकी वरसं असंच गायलेय, आता नाय बदलायची."

किमयाने वैशाखात हळदीच्या मांडवात ते रेकॉर्डिंग लावलं. शेवटचं हे भांडण कापून टाक, असं अनन्याने तिला सुचवलं होतं. किमयाने कापलं नाही. ऑपरेशन झालेली आजी तिला हळद लावत होती, आवाज न काढता नुसते ओठ हलवत, आणि शेजारी बसलेल्या सीताबाई ते ओठ बघून पुढचं कडवं मोठ्याने म्हणत होत्या.