शनिवारी संपलेला स्प्रिंट

"संध्याकाळपर्यंत माझी नोकरी जाणार, ताई," नीरजा म्हणाली.

सोमवती अमावस्येच्या स्नानाची गर्दी चिरत ती खासगी गुप्तहेर शरदिनीबाईंच्या दारात पोचली होती. रडणाऱ्यांपेक्षा रडवणाऱ्यांचा बाईंना तिटकारा फार. त्यांनी पाणी दिलं आणि ऐकलं.

नीरजाच्या कंपनीत कामाचे मुदतबंद हप्ते पाडत. त्यांना स्प्रिंट म्हणत. तिचा स्प्रिंट एका सोमवारी सुरू झाला, दोन आठवड्यांचा. काल रविवारी काम पुरं करून ती पाहते, तर स्प्रिंट शनिवारीच बंद! आज सकाळी दिल्लीच्या ग्राहकानं काम अर्धवट पाहिलं आणि मॅनेजर अनिमेषनं खापर नीरजावर फोडलं.

"यंत्राची चूक असेल, वहिनी," बाईंचे दीर बिंदुमाधव म्हणाले. यंत्राला दोष देत त्यांनी बँकेतली अख्खी नोकरी काढली होती.

"यंत्र नाही चुकत, काका. 'कस्टम' निवडलं तरच शेवटची तारीख हातानं लिहिता येते," नीरजा म्हणाली.

तिघं मुन्शी घाटाजवळच्या ऑफिसात गेली. नीरजाचा सहकारी निनाद जांभया देत होता. कॉलरवर केसांचे बारीक तुकडे.

"मेरे को क्या पता? मी आत्ता सलूनमधून येतोय. पासवर्ड तर सगळ्यांकडे आहे."

अनिमेष काचेच्या खोलीत फुगून बसला होता. "आम्ही अ‍ॅजाइलवाले, ताई, नव्या झटपट पद्धतीनं काम करणारे. घाटावरचा पंचांगी कारभार इथे नाही. मुदत मी दोन आठवडेच निवडली होती. सोमवारी सकाळी ग्राहकाला नवा स्प्रिंट चालू दाखवावा लागतो, बस." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "नवी गाडी उद्या पाठवा. आज नको म्हणजे नको!"

बाईंनी मालकीण मालविकाला बोलावून घेतलं.

"सोमवारी सुरू झालेले दोन आठवडे सोमवारीच संपतात. शनिवार कुणीतरी हातानं लिहिला."

"निनादनं!" बिंदुमाधव ओरडले.

"भावोजी, अवसेला केस कापून आलेला माणूस तिथी कशाला पाहील? तारीख बदलणाऱ्याला नवा स्प्रिंट आज सुरू करायचा नव्हता, पण सकाळी चालू दाखवायचा होता. म्हणून जुना शनिवारीच मारून नवा तेव्हाच सुरू केला."

"बकवास!" अनिमेष म्हणाला.

"मग सोपं आहे. तो रद्द करून, नीरजाचं काम धरून नवा स्प्रिंट आत्ता तुमच्या हातानं सुरू करा."

अनिमेषनं लॅपटॉप ओढला. बोट बटणावर गेलं आणि तिथेच अडलं.

"उद्या सकाळी करू," तो पुटपुटला.

शरदिनीबाईंना त्याच्या श्रद्धेची कीव आली असती. पण अवसेला भिणारा हा शूर पोरीच्या पोटावर पाय द्यायला भ्याला नव्हता. त्यांना किळस आली.

मालविकानं लॅपटॉप नीरजापुढे सरकवला. नीरजानं बटण दाबलं.

"गाडी उद्याच घ्या, अनिमेष," मालविका म्हणाली. "राजीनामा मात्र आजच द्या. तो काही शुभकार्य नाही."