वाघुरीतलं जास्तीचं गाणं

सिद्धरामच्या सोनालीचा साखरपुडा झाला ते साल दोन हजार बावीस. सासरी जायच्या आधी सोनालीनं आजोबांसाठी, ज्ञानबासाठी, एक काम हाती घेतलं. आजी राजाबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या ओव्या अकरा कॅसेटींत होत्या आणि आवाज दिवसेंदिवस खरखरत चालला होता. तो विरला की ज्ञानबाजवळ बायकोचं काहीच उरणार नव्हतं.

घर नवी पेठेच्या मागच्या बोळात. खाली सिद्धरामचं घोंगड्यांचं दुकान, वर राहायला दोन मजले. दुकानात एक संगणक, सिद्धरामच्या खोलीत एक, सोनालीच्या खोलीत एक. सोनालीनं जिन्याखाली चौथा मांडला आणि घरातली सगळी गाणी, भजनं, ओव्या त्यात भरल्या.

"आबा, गाणी राहणार इथं, जिन्याखाली. ऐकायची मात्र घरात कुठूनही. चारी संगणक एकाच जाळ्यात."

"म्हंजी वाघूर की!" ज्ञानबा म्हणाला.

वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. दुधनीकडच्या माळावर ज्ञानबानं चाळीस वर्षं ती रोज संध्याकाळी ठोकली होती. सोनाली हसली आणि तिनं त्या संगणकाला तेच नाव दिलं.

ज्ञानबा साठीत अक्षरं शिकलेला. रोज दिवेलागणीला तो जिन्याखाली बसे आणि पडद्यावर बोट ठेवून गाणी मोजी. माळावर तो जाळीचं तोंड धरायचा आणि राजाबाई मेंढरं मोजायची. तिचं माहेर हद्दीपलीकडचं, म्हणून मोजणी कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. शेवटी "एल्ला बंदवु", सगळी आली, असं ती म्हणाली की तो दोरी ओढायचा. मोजणी कधी चुकली नव्हती.

गाणी तीनशे सतरा होती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ती तीनशे अठरा भरली.

"सोने, येक जास्त हाय."

"बाबांनी टाकलं असेल."

"म्या न्हाय बा," दुकानातून सिद्धराम ओरडला.

शेवटच्या ओळीला नावच नव्हतं. नुसती तारीख होती. ज्ञानबानं ती लावून वाचली. पंधरा. "आज तर बारा की गं."

"घड्याळ चुकलं असेल त्याचं. पुसून टाकू?"

"थांब. परकं मेंढरू कळपात घुसलं तर तीन दिस ठिवायचं असतंय. ज्याचं हाय त्यो हुडकत येतोय."

सोनालीनं ते लावलं. आधी वारा. मग घंटा, पुष्कळ, जवळ येणाऱ्या. धुळीत खुरांची दाटी. मग बाईचा आवाज, अजिबात न खरखरणारा. ओंदु, एरडु, मूरु. मोजणी बराच वेळ चालली आणि थांबली.

"ज्ञानबा," आवाज म्हणाला, "ओंदु कम्मी."

सोनालीनं आजोबांकडं पाहिलं. "आजी तुमचं नाव घ्यायची?"

बावन्न वर्षांत राजाबाईनं ते एकदाही घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तरी ती सिद्धरामला पुढं करायची, "सांग रं तुझ्या बाचं नाव."

ज्ञानबानं पुन्हा लावायला सांगितलं. मग शांतपणे म्हणाला, "म्या उलटं धरलं बघ. हितं जास्त न्हाय झालं. तिकडं कमी पडलंय."

रविवारी त्यानं दाढी करून घेतली. ठेवणीतलं घोंगडं उन्हात टाकलं. "कुटं दौरा?" सिद्धरामनं चेष्टा केली. "गावाला," तो म्हणाला, आणि जेवताना भाकरी मागून घेतली.

सोमवारी दुपारी तो झोपलेला बघून सोनालीनं ते गाणं पुसलं. जिन्याखालून पुसलं की चारी ठिकाणांहून जातं, हे तिनंच बसवलेलं. वर जाऊन, दुकानात जाऊन खात्री केली. कुठंही नव्हतं.

दिवेलागणीला ज्ञानबाचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. तीनशे अठरा.

"हाकललंस व्हय?" तो हसला. "लई माया करतीस. पर ते जात नसतंय, पोरी."

मंगळवारी सोनाली त्याच्याशेजारी हात धरून बसली. दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावरून सावकाश खाली येत होतं.

"तीनशे सतरा," ज्ञानबा म्हणाला.

खाली ओळ नव्हती.

"बघा, गेलं ते!" सोनाली म्हणाली.

हात जड झाला होता.

दहाव्याचं आटोपून आल्यावर सोनालीनं वाघूर उघडली. तीनशे अठरा.

तिनं लावलं. वारा, घंटा, मोजणी. शेवटी आवाज क्षणभर थांबला.

"एल्ला बंदवु."

मग दोरी ओढल्याचा आवाज.

ज्ञानबा मंगळवार, पंधरा नोव्हेंबर दोन हजार बावीस रोजी, दिवेलागणीला वारला.