पेल्यावरचा ठिपका

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला तेव्हापासून बाबा मला 'भोंगा' म्हणतात. विषय होता 'एड्स : समज आणि गैरसमज'. सात मिनिटं, हातात कागद नाही, घशाला कोरड नाही. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज घशातच अडकायचा, आणि आता मुख्याध्यापिका मला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या शाळेत भाषणाला धाडतात. "एका ताटात जेवल्याने होत नाही! एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होत नाही!" असं म्हणत मी टेबलावरचा पेला उचलते, पुढच्या रांगेतल्या एखाद्या मुलीला एक घोट प्यायला लावते आणि उरलेलं पाणी स्वतः घटाघटा पिते. तिथे हमखास टाळ्या पडतात.

भाषणात मी एक गोष्ट गाळते. ती इथे सांगणार आहे, पण तिची पाळी येऊ दे.

घरात आम्ही चौघं. आई पोस्टात, बाबा छापखान्यात, मी शाळेत, आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, रस्त्याकडच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करतो. मामाला एचआयव्ही आहे. त्याची एक गोळी असते, रोज सकाळी सात वाजता, जन्मभर. दुकानातली घड्याळं सातचे ठोके देऊ लागली की तो गोळी तोंडात टाकतो आणि शेवटच्या ठोक्याआधी गिळतो. त्या गोळीने विषाणू झोपून राहतो. सारखी चुकवली तर तो जागा होतो, औषधाला ओळखायला शिकतो, आणि मग ते औषध त्याच्यावर चालत नाही. हे भाषणात पाचव्या मिनिटाला येतं.

महिन्यातून एका शनिवारी मी मामाबरोबर सरकारी दवाखान्यातल्या सेंटरला जाते, तिथे त्याची गोळी मिळते. बाटलीत तीस गोळ्या असतात. तिथल्या समुपदेशक ताई उरलेल्या गोळ्या निळ्या ट्रेमध्ये ओततात आणि दोन-दोन करून मोजतात. अठ्ठावीस दिवसांनी दोन उरायला हव्यात. तीन उरल्या तर एक चुकली. "माणूस थापा मारतो, ट्रे नाही," असं त्या म्हणतात. तीन वर्षं मामाच्या ट्रेमध्ये दोनच उरत आल्या होत्या.

त्या महिन्यात सोळाव्या सकाळी मामाने बाटली तळहातावर उपडी केली आणि काहीच पडलं नाही.

"सांडल्या असतील कुठेतरी," आई म्हणाली.

"पंधरा गोळ्या? आणि एकही सापडू नये? ताई, मी खसखशीएवढा स्क्रू शोधून काढणारा माणूस आहे."

तसेच सेंटरला गेलो. समुपदेशक ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "दोन-दोन घेताय का? दुप्पट घेऊन दुप्पट बरं होत नाही हो."

"एकच घेतो."

"मग कुणाला देताय?"

मामाने रिकामी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पंधरा गोळ्या मोजून दिल्या, त्यातली एक तिथेच समोर घ्यायला लावली, त्याचं रक्त तपासणीला घेतलं आणि फाईलमध्ये एक शब्द लिहिला. मला उलटं वाचता येतं. 'देखरेख'.

त्या पंधरा गोळ्या आठव्या सकाळी संपल्या.

मला भूतबीत काही सुचलं नाही. मी विज्ञानवाली मुलगी. मला माणसांचा संशय आला. पहिला मामाचाच. तो गोळी गिळताना मी त्याच्या घशाकडे टक लावून बघायला लागले. "मास्तरीणबाई, जिभेखाली पण बघता का?" म्हणत त्याने आ केला. जिभेखाली काही नव्हतं. मग आईचा आला, कारण ती हल्ली एकदम दचकायची. मग बाबांचा, कारण ते भलतेच विनोद करत होते. एका घरात राहून एकमेकांचे खिसे बघायची वेळ आली की घास कसा तोंडात फिरतो, ते तेव्हा कळलं.

मामाच्या रक्ताचा अहवाल आला. विषाणू सापडत नाहीत. म्हणजे मामा रोज गोळी घेत होता, आणि नीट घेत होता.

समुपदेशक ताईंनी मला दाराबाहेर नेलं. "तू भाषणं देतेस, तुला समजेल. घरात अजून कुणी आहे का, ज्याला ही गोळी लागते आणि सांगायची लाज वाटते?"

हा प्रश्न मी घरी ताटावरच टाकला. आईचा हात वरणाच्या डावावर थांबला. बाबा म्हणाले, "आम्ही येतो की तपासायला. माझ्या रक्तात शाई निघाली तर मात्र घाबरू नका म्हणावं." तिघांनीही तपासून घेतलं. मी सगळ्यात आधी हात पुढे केला. तिघंही निगेटिव्ह.

"आता दर आठवड्याला या," समुपदेशक ताई मामाला म्हणाल्या. "सातच गोळ्या मिळतील. खंड पडत राहिला तर हे औषध हातचं जाईल. मग मी काही करू शकणार नाही."

सात गोळ्या मी पत्र्याच्या डब्यात घातल्या. डब्याला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. आंघोळीलाही काढत नव्हते. चौथ्या सकाळी शेवटची गोळी मामाच्या हातावर पडली. पुढचे तीन दिवस सातचे ठोके पडले आणि तो नुसता हात मांडीवर ठेवून ऐकत बसला.

पुढच्या आठवड्यात तेच झालं. त्याच्याही पुढच्या.

इतर गोष्टी मला याच दिवसांत दिसल्या. दिसत आधीही असतील.

आमच्या घरात मागची एक खोली आहे, सामानाची. तिथे काट्याचा जुना वजनकाटा आहे, पाय ठेवायला रबर लावलेला. रविवारी झाडताना बघितलं, तर वर कुणी नसताना काटा एकतीसवर उभा. मी काटा हलवला. पुन्हा एकतीस. पुढच्या खेपेला तो छत्तीसवर होता. मामाने तो उघडून सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडले, पुसले, पुन्हा बसवले.

"स्प्रिंग गेली असेल ना?" मी विचारलं.

"स्प्रिंग ठणठणीत आहे." तो काट्याकडे बघत होता. आता तिथे सदतीस दिसत होते. "ह्यात काहीच बिघडलेलं नाही."

त्याच खोलीतून सुरुवातीला सकाळी कोरडा खोकला यायचा. मला वाटायचं, शेजारच्या घरातून येतो. जसा काटा वर चढला तसा खोकला कमी होत गेला.

आणि पेला. स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे, एक स्टीलचा पेला उपडा ठेवलेला असतो. त्याला कुणी हात लावत नाही. त्याच्याखाली धुळीत पाण्याचं गोल वर्तुळ दिसलं. बोट लावलं तर ओलं.

आता गाळलेली गोष्ट सांगते.

तो पेला मामीचा. मामा-मामी आमच्याकडेच राहायचे, त्याच मागच्या खोलीत. मामी गोरीपान, हसरी, बावन्न किलोंची; मामा तिला 'बावन्नकशी' म्हणून चिडवायचा. मग ती खोकायला लागली. तोंडात पांढरा थर आला, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, संध्याकाळी ताप चढायचा. 'अशक्तपणा आहे' म्हणून घरी टॉनिकच्या बाटल्या आल्या. तपासणीचं नाव काढलं की आई म्हणायची, "लोक काय म्हणतील?" मामाने हा वजनकाटा तेव्हाच आणला. बेचाळीस, अडतीस, चौतीस. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा क्षयही निघाला आणि एचआयव्हीही. आधी क्षयाची औषधं, दोन आठवड्यांनी ही दुसरी गोळी, असं ठरलं. बाटली आधीच हातात मिळाली होती. मामी एकतीस किलोंची होऊन घरी आली आणि बाराव्या दिवशी गेली. शेवटचे दोन दिवस तिला कुणाची ओळखच पटत नव्हती. मामाने बाटली सेंटरला परत नेली. समुपदेशक ताईंनी सील फोडून मोजल्या. तीसच्या तीस.

त्या बारा दिवसांतल्या पहिल्या दिवशी आईने मला लाल नेलपॉलिश दिलं. "मामीच्या पेल्याला खूण कर. चुकून कुणी प्यायला नको." मी अकरा वर्षांची होते. मी छान गोल ठिपका काढला, फुंकर मारून वाळवला आणि त्यातूनच तिला पाणी नेऊन दिलं. मामीने पेला हातात फिरवला. ठिपका बघितला. मग ठिपक्याची बाजू स्वतःकडे करून पाणी प्यायली, म्हणजे मला तो दिसू नये.

"छान रंग आहे गं तुझा," ती म्हणाली.

त्या बाराही दिवसांत मामा आमच्याच पेल्यांतून पाणी पीत होता. त्याची तपासणी तिच्यानंतर झाली. आम्हाला कुणाला काही झालं नाही.

गोळ्या नाहीशा होत होत्या त्याच दिवसांत एका बुधवारी शाळा अर्धाच दिवस होती. मामाच्या गोळ्या आदल्या दिवशी आणलेल्या. डब्यात असायला हव्या होत्या सहा, मी कुलूप उघडून बघितलं तर पाच. दुकानाला टाळं होतं, मामा सुट्या भागांसाठी बाजारात गेलेला. ऊन भिंतीवर स्वच्छ पडलं होतं. घाबरावं असं तिथे काहीही नव्हतं.

मी मागच्या खोलीत गेले.

काटा बावन्नवर होता.

थरथरत नव्हता. माणूस वजन करताना श्वास रोखून उभा राहतो, तसा स्थिर. रबरावर पावलांच्या जागी दोन ठिकाणी दाबल्यासारखं दिसत होतं.

शेकडो मुलांसमोर बोलणारा माझा भोंगा. त्यातून एकच शब्द निघाला.

"मामी?"

काटा किंचित हलला. बावन्न, एक्कावन्न, पुन्हा बावन्न. कुणीतरी वळून बघितल्यावर पायातलं वजन बदलतं, तेवढंच.

"मामाच्या गोळ्या नको घेऊस," मी म्हणाले. "त्याला पुरत नाहीत. तोही जाईल गं."

काही झालं नाही.

"तो ठिपका मी काढला होता. आईने सांगितलं, पण काढला मीच. मी भाषणात सगळं सांगते, हे नाही सांगत."

काटा खाली यायला लागला. तीस. बारा. शून्य.

कुणीतरी खाली उतरलं.

माझ्या उजव्या बाजूने, अगदी दंडाला लागून, दारातून वारा गेल्यासारखं झालं. त्याला औषधाचा वास नव्हता. न्हाऊन आलेल्या बाईच्या केसांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात गोळ्या बरोबर निघाल्या. मामाने एक घेतली, चार उरल्या. त्याच्या पुढच्या दिवशी तीन. तेव्हापासून ट्रेमध्ये एकही कमी भरलेली नाही. मधल्या खंडाचं काय झालं, याची आम्ही धास्ती घेतली होती, पण रक्ताचा पुढचा अहवालही चांगला आला. समुपदेशक ताईंनी 'देखरेख'वर रेघ मारली आणि मामाला पुन्हा महिन्याची बाटली दिली. वजनकाटा शून्यावर असतो. "हात न लावता दुरुस्त," मामा म्हणाला. "सगळी घड्याळं अशी वागली तर मी उपाशीच मरायचो." तो हसला, पण त्या खोलीचं दार आता तो उघडं ठेवतो.

मामी अजून गोळी घेते का, आणि कुठून घेते, मला माहीत नाही. ती मधेच बंद करायची नसते, एवढं मी भाषणात सांगते.

आणि वरच्या फळीवर आता पेला नाही. रोजच्या मांडणीत पाच पेले आहेत, एका संचातले, सगळे सारखे. मी एकेक हातात घेऊन उजेडात फिरवला. ठिपका एकावरही नाही. नखाने खरवडल्याचा ओरखडासुद्धा नाही.

"तू काढलास?" मी आईला विचारलं.

"मी? मला वाटलं तू." मग तिने डोळे पुसले आणि पाचही पेले पुन्हा एकत्र लावून ठेवले.

आम्ही चौघं आहोत. सकाळी मी उठते तेव्हा अजून कुणी पाणी प्यायलेलं नसतं, आणि पाचांतला एक पेला ओला असतो. तो रोज तोच असतो की वेगळा, ते आता ओळखता येत नाही. आई हाताला येईल तो भरते आणि मला देते. मी पिते. भाषणात सांगते तसंच, घटाघटा.

पाणी माठातलं, गार असतं. फक्त कधीकधी पेल्याला ओठ लावला की त्याची कड आधीच कोमट लागते.